वारसनोंदीतला फेरफार

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातली, वय ४५. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ उजव्या बाजूला होती. तो माळकरी आहे, तंबाखूला कधी शिवला नाही. आमचे वडील १९९४ साली ४६व्या वर्षी गेले. ‘आतड्यात गाठ होती, ती लिव्हरला गेली’ एवढंच तेव्हा कानावर आलं. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे आमची आत्या, पन्नाशीत गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली. आई म्हणते घराण्याला दोष आहे. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळीही करून आलो.

भावाच्या रिपोर्टमध्ये २२ ग्रंथी तपासल्या, सगळ्या स्वच्छ आहेत असं आहे. खाली ‘एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस’ असं लिहिलंय. दोन-दोन जनुकं बिघडलीत का? डॉक्टर म्हणाले, रक्ताची जनुकीय तपासणी करा, आणि केमोची गरज नाही. म्हणजे त्यांनी हात टेकले का? चुलतभावाने ऑनलाइन थुंकीची टेस्ट केली, त्याला ‘धोका किंचित जास्त’ आला. मीही तीच करू का? माझ्या मुलाला (वय २४) भावाची मुलगी (वय १९) करायची असं लहानपणापासून बोलून ठेवलंय. आई म्हणते, लग्न लागेपर्यंत या तपासण्यांची कुठे वाच्यता नको.

(माझी पाळी वर्षभर बंद होती, गेल्या महिन्यात दोनदा लाल गेलं. वयामुळे असेल.)

— एक बहीण

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात तातडीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. तो शेवटी कंसात टाकलाय आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन मोकळ्या झालात. वर्षभर बंद असलेली पाळी अशी परत आली, तर ‘वयामुळे असेल’ हे तपासणी झाल्यानंतर म्हणायचं, आधी नाही. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफी होईलच, पण तिच्यावर थांबू नका. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायचा का, हे तुम्हीच विचारा. भावाच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत न्या आणि आत्या कशाने गेल्या ते सांगा. न सांगता गेलात तर पंचेचाळिशीतली बाई म्हणून पाळीच्या गोळ्या हातात पडतील आणि सहा महिने जातील. बहुतेक वेळा अशा तपासणीत काळजीचं काही निघत नाही. पण तुमच्या घरात ज्या आजाराची शंका आहे, त्यात बायकांच्या गर्भाशयाला जवळजवळ आतड्याइतकाच धोका असतो, म्हणून एवढं बजावते आहे.

आता भावाचा रिपोर्ट. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आयुष्य काचपट्ट्या बघण्यात गेलं, त्यामुळे त्या ओळीमागे काय असतं ते सांगू शकते. गाठीचे केसाहूनही पातळ चार काप चार काचांवर घेतात आणि एकेका काचेवर एकेका प्रथिनासाठी रंग चढवतात. प्रथिन जागेवर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं राहतं. तुमच्या भावाच्या एमएलएच१च्या काचेवर गाठीच्या पेशी निळ्या असणार आणि त्यांच्यामध्ये घुसलेल्या पांढऱ्या पेशी मात्र तपकिरी, चहाच्या पुडीसारख्या विखुरलेल्या. ते तपकिरी ठिपके शोधल्याशिवाय आम्ही ‘लॉस’ लिहीत नाही. ते दिसले म्हणजे रंग नीट चढलाय आणि प्रथिन खरोखर फक्त गाठीतूनच गेलंय. त्या ठिपक्यांकडे पुन्हा यायचं आहे, कारण तुमच्या भावाच्या बाजूने लढणारे तेच आहेत.

दोन जनुकं बिघडलेली नाहीत. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही बैलजोडी आहे. एमएलएच१ पडलं की पीएमएस२ला जू पेलत नाही, तेही मोडून जातं. म्हणून काचेवर दोन्ही गायब दिसतात, पण सहसा मूळ बिघाड एकाच जागी असतो.

हे प्रथिन करतं काय? तुम्ही शेतकरी घरातल्या, तेव्हा तलाठी कार्यालयातलंच उदाहरण घेऊ. पेशी दुभंगताना सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल होते. तलाठ्याच्या हातून चूक होतेच. म्हणून फेरफाराची नोंद मंडळ अधिकारी तपासतो आणि मगच ती प्रमाणित होते. (फेरफाराला महसूल खात्याच्या इंग्रजीतही ‘म्युटेशन’च म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं.) एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनं म्हणजे नक्कल तपासणारे मंडळ अधिकारी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. काही घराण्यांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. दुसरी काम रेटत राहते, त्यामुळे माणूस तिशी-चाळिशीपर्यंत ठणठणीत असतो. मग आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरीही प्रत जाते. त्या पेशीपुरता कचेरीत तपासणारा कुणी उरला नाही. चुका साचत जातात आणि आतड्यातला साधा कोंब (पॉलिप) एरवी दहा-एक वर्षांत कॅन्सर व्हायचा, तो इथे दोन-तीन वर्षांतही होऊ शकतो. भावाच्या माळेचा आणि पथ्याचा इथे काही दोष नाही. त्याने सगळं पाळलं, तरी तपासनीसच एक कमी घेऊन तो जन्माला आला असावा.

‘असावा’ म्हणते, कारण काचेवरचा लॉस म्हणजे वारसा असं लगेच धरता येत नाही. उतारवयात एमएलएच१ जनुक चांगलं असूनही त्याला रासायनिक कुलूप लागतं आणि काच अशीच दिसते, तो प्रकार मुलाबाळांत उतरत नाही. गाठीच्याच तुकड्यावर बीआरएएफ आणि मिथायलेशन या तपासण्या केल्या की हे बरंचसं उलगडतं. पण वय ४१, वडील ४६व्या वर्षी गेलेले, आत्याची गर्भपिशवी. एवढं एका ओळीत आल्यावर माझा कौल वारशाकडे आहे. या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण तीन याचे असतात. (आतड्यात शेकड्यांनी कोंब येणारा आनुवंशिक आजार वेगळा. तो असता तर सर्जननी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं असतं.)

तुमच्या घरात वडिलांची गाठ आणि आत्याची गर्भपिशवी हे दोन वेगळे आजार समजले गेले. तुम्ही एकट्या नाही, जगानेही बराच काळ तसंच समजलं. १८९५ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी, ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या घरी कपडे शिवायला येणारी एक बाई म्हणाली, मी तरुणपणीच जाणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात. वॉर्थिननी तिचं बोलणं हसण्यावारी न नेता तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ साली छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी नेब्रास्कात अशीच घराणी शोधली तेव्हाही लोक म्हणत, एका घरात राहतात, एक खातात-पितात, त्यामुळे होत असेल. जनुकं हाती लागली १९९३-९४ मध्ये, नेमकी तुमचे वडील गेले त्या सुमारास. तेव्हा सांगलीत कुणी तुमच्या आईंना हे समजावून सांगितलं नाही, यात कुणाचीच चूक नाही.

वॉर्थिननी त्या बाईच्या घराण्याचं जे केलं ते तुम्हीही करा. एक मोठा कागद घ्या आणि वडिलांच्या बाजूचे सगळे लिहा. कोण, कोणत्या वयात, कशाने. आपल्या वंशावळीत लेकींची नावं गाळायची सवय असते. इथे ते चालणार नाही. हा बदल लेकाइतकाच लेकीला जातो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. जमिनीच्या वाटपात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, इथे हक्कसोड नाही.

‘केमो नको’ या वाक्याने तुम्ही घाबरलात, आणि माझ्या मते पत्रातली सर्वांत चांगली बातमी तीच आहे. गाठीजवळच्या २२ ग्रंथी तपासून सगळ्या स्वच्छ निघाल्या, म्हणजे कॅन्सर त्यांच्यात पसरलेला नाही. निदान १२ बघाव्यात असा नियम आहे, म्हणजे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनीही काम चोख केलंय. हा फार तर दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यात तपासनीस गमावलेल्या गाठींची वाटचाल इतर गाठींपेक्षा चांगली असते, आणि केमोतल्या नेहमीच्या ५-एफयू या एकट्या औषधाचा त्यांना फायदा होत नाही. ते कारण नसताना देणं म्हणजे नुसती तोंड येणं आणि जुलाब. म्हणून डॉक्टरांनी टाळलं. रिपोर्टमध्ये ‘टी४’ असेल, म्हणजे गाठ आतड्याचं बाहेरचं आवरण भेदून गेलेली असेल, तर मात्र त्यांच्याशी पुन्हा बोला.

वाटचाल चांगली का? इथे ते तपकिरी ठिपके येतात. तपासणी बंद पडली की पेशी इतकी विचित्र, चुकीची प्रथिनं बनवते की शरीराच्या पांढऱ्या पेशींना ती परकी वाटतात आणि त्या गाठीत घुसतात. चुकाच त्या गाठीला उघडी पाडतात. १९९४ साली याचा उपयोग कुणाला करता आला नाही. आज अशा गाठी लिव्हरपर्यंत पोचल्या तरी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी, या पांढऱ्या पेशींचा लगाम सोडणारी औषधं आधी देतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती केमोपेक्षा सरस ठरली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी गुदाशयाच्या अशाच कॅन्सरचे १२ रुग्ण दोस्तार्लिमॅब या औषधावर ठेवले, बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. किंमत ऐकून आपल्या पोटात गोळा येतो हे खरं, पण दार उघडलंय. भावाला याची गरज न पडो. तरी रिपोर्ट जपून ठेवा, कारण पुढे कधी उपचार ठरवायची वेळ आली तर ‘एमएलएच१ लॉस’ हीच ओळ आधी बघितली जाईल.

जाता जाता आणखी एक. डीपीवायडी नावाचं एक वेगळंच जनुक आहे, त्याचा कॅन्सर होण्याशी संबंध नाही. पण त्यात जन्मजात कमतरता असलेल्या माणसाला ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिनचा नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. घरात कुणाला ही औषधं सुरू करायची झाली, तर ‘डीपीवायडी बघूया का?’ एवढं विचारा.

चुलतभावाची थुंकीची टेस्ट सोडून द्या. लोकांच्या जनुकांत छोटे छोटे असंख्य फरक असतात, त्यांतल्या दोनशेहून जास्त जागांचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध सापडलाय. एकेक फरक धोका अगदी थोडा हलवतो, म्हणजे सगळ्या गावाला लागू पडेल असं ‘किंचित जास्त’. त्यात ही मोजमापं बहुतांशी युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांवर बेतलेली. तुमच्या घरातला प्रश्न किंचितचा नाही. एमएलएच१मध्ये खरा बिघाड असेल तर पंचाहत्तरीपर्यंत जवळपास निम्म्या लोकांना आतड्याचा कॅन्सर होतो, आणि बायकांत शंभरातल्या चाळीसेक जणींना गर्भाशयाचा. थुंकीच्या अशा पाकिटात हे जनुक पूर्ण वाचलेलंही नसतं बऱ्याचदा. चुलतभावाला सांगा, तो कागद निर्धास्त होण्यासाठीही नाही आणि धसका घेण्यासाठीही नाही. त्याच्या वडिलांची चौकशी मात्र करा, ते तुमच्या वडिलांचे सख्खे भाऊ.

तपासणीचा क्रम चुकवू नका. घाबरलेला आधी जातो आणि तिथेच पैसे वाया जातात. आधी भावाचं रक्त, कारण आजार त्याला आहे. त्याच्यात नेमकं कोणतं अक्षर बदललंय ते कळलं, की तुमच्यात फक्त तेवढी एक जागा बघायची, आणि ते अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या पूर्ण पॅनलपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तुम्हीच आधी केलीत आणि काही सापडलं नाही, तर ‘माझ्यात नाही’ की ‘त्यांना शोधता आलं नाही’ हे कुणी सांगू शकणार नाही. भावाच्या रिपोर्टमध्ये कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. भारतीय लोकांची नोंद कमी असल्याने आपल्याकडे तो जरा जास्तच येतो. त्यावरून कुणाचंही ऑपरेशन ठरवायचं नाही, आणि ‘सुटलो’ असंही म्हणायचं नाही. म्हणून नुसत्या लॅबमध्ये रक्त देऊन येऊ नका, जनुकीय समुपदेशन मिळेल तिथे जा. मुंबईत टाटा मेमोरियल आणि त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक इथे कर्करोगाच्या जनुकीय तपासणीचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं.

तुमची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) मात्र या कशासाठीही थांबलेली नाही. सख्ख्या भावाला ४१व्या वर्षी आणि वडिलांना पन्नाशीच्या आत, एवढ्यावर ती तुम्हाला आत्ताच हवी. आदली संध्याकाळ वाईट जाते, खोटं सांगत नाही. ते खारट-गुळचट पाणी लिटरच्या हिशेबात प्यायचं आणि संडासाच्या दाराशी मुक्काम. पण अर्धवट पिऊन गेलात तर उजव्या बाजूचं आतडं चिखलाने माखलेलं दिसतं, आणि लिंचचे कोंब नेमके तिथे, चपटे, सहज नजरेआड होणारे. उठल्यावर डॉक्टरांना विचारा, ‘सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचलात का, आतडं स्वच्छ होतं का?’ बदल असल्याचं सिद्ध झालं तर ही तपासणी दर एक-दोन वर्षांनी. एमएलएच१च्या घरात ती साधारण पंचविशीपासून सुरू करतात. कोंब दिसला की तिथेच खुडून टाकतात. फिनलंडमध्ये अशा घरांतल्या लोकांना पंधरा वर्षं, दर तीन वर्षांनी तपासलं, तेव्हा न तपासलेल्यांपेक्षा कॅन्सर निम्म्याहून कमी झाले. ॲस्पिरिनचंही ऐकाल. ब्रिटनच्या जॉन बर्न यांनी ८६१ लिंचवाहकांवर केलेल्या चाचणीत, निदान दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम घेतलेल्यांना पुढच्या दहा-वीस वर्षांत आतड्याचे कॅन्सर स्पष्टपणे कमी झाले. पण तेच औषध पोटात रक्तस्रावही करतं, तेव्हा बदल सिद्ध झाल्यावर, डॉक्टरांना विचारून.

आता लग्न. आईंची वाच्यतेची भीती मला समजते. पण इथे मुलगी दुसऱ्याच्या घरातून येत नाही आणि मुलगाही नाही. दोघांत उतरलंच असेल तर ते एकाच आजोबांचं. भाचीत बदल निघाला म्हणून तिला ‘सून नको’ म्हणाल, तर तुमच्यात काय आहे ते आधी बघावं लागेल. तिची चाचणी तुम्ही सासू होणार म्हणून करायचीच नाही. ती १९ वर्षांची आहे, तिच्या तब्येतीसाठी, तिच्या मनाने, समुपदेशकाशी एकटीने बोलून ती ठरवील.

तरी या एका नात्यात थांबून विचार करायला जागा आहे. मुलगा आणि भाची, दोघांतही तोच बदल असेल, तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाकडे जन्मापासून तपासनीसच नसतो, आणि लहानपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर होतात. हे दुर्मीळ आहे, पण मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या आपल्या समाजात ते ठाऊक असायला हवं. गाठ सोपी सुटेल ती अशी: भावात बदल सापडला आणि तुमच्यात नसला, तर तुमच्या मुलात आजोबांकडून तो येऊच शकत नाही, आणि चारात एकची गोष्टच संपते. म्हणजे लग्नाचा निर्णय भाचीच्या रक्तावर अडत नाही, आधी तुमच्या रक्तावर आहे. तुमच्यात निघाला तर मग मुलाची चाचणी. त्यानंतर काय करायचं ते त्या दोघांनी ठरवावं, सगळं माहीत असताना.

आईंना हे सांगताना नागबळीवरून वाद घालू नका. केलंत, ठीक आहे. त्यांना एवढंच सांगा की घराण्यात काहीतरी उतरतंय हे त्यांनी तीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, आणि ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. फक्त त्याचा शोध आता रक्तात घेता येतो. नवरा चाळिशीत गेला आणि आता मुलगा, त्या बाईला कुणीतरी ‘तुमचं काही चुकलं नाही’ म्हणायला हवं, आणि ते तुम्ही म्हणालात तर जास्त बरं.

स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ कधीची मिळाली, ते आधी कळवा. बाकीचं मागाहून.